गोठ्यातील संसर्ग आणि वर्गातील मूल

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या हिवरखेड (ता. तेल्हारा, जि. अकोला) परिसरात शाळेत येणारे बहुतेक मूल सकाळी गोठ्यातून उठून आलेले असते. म्हणून त्वचारोगांचा पाठ येथे गोठ्यापासूनच आरंभावा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग आढळला आणि ऐन पोळ्याच्या सुमारास तो वऱ्हाडात पसरला. गुरांचे बाजार बंद झाले. जनावरांच्या अंगावरील गाठी पाहून, हा रोग माणसालाही होईल काय, अशी भीती उत्पन्न झाली. वस्तुतः हा देवीवर्गातील विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडे यांच्याद्वारे गुरांतून गुरांत जातो. मनुष्यास तो होत नाही. गुरांना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. आजारी गाय असलेल्या घरच्या मुलास दूर बसविण्याचे कारण नाही, हे शिक्षकांनी पालकांना निःशंकपणे सांगावे.

ज्याची भीती बाळगावयास हवी तो रोग मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. वासराच्या डोळ्यांभोवती व मानेवर राखी रंगाच्या जाड खपल्या दिसल्या, की ते गजकर्ण समजावे. खेड्यात यालाच गचकरण म्हणतात. ही बुरशी वासराला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हाताला, मानेला, डोक्याला लागते. गळून पडलेल्या खपल्यांतील बीजकण गव्हाणीच्या लाकडावर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून वासरू बरे झाले तरी गव्हाण व दावणीचे खुंट घासून धुणे अवश्य आहे. वासरास हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी. मुलाच्या डोक्यात चट्टा पडून केस तुटत असतील, तर नुसते मलम पुरत नाही. पोटातून औषध घ्यावे लागते व ते डॉक्टरांनीच द्यावयाचे असते.

दुकानातून विचारून आणलेली मलमे हा येथील मोठा अपाय होय. त्यांपैकी अनेकांत स्टिरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, घरचे समाधान पावतात, आणि चट्टा आतून पसरत जातो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तथापि घराघरांतील जुनी नळी अद्याप संपलेली नाही!

खरजेचे कारण निराळे. तिचा सूक्ष्म किडा माणसाकडून माणसाकडे, एका वाकळीखाली निजणाऱ्या भावंडांत जातो. गुरांच्या खरजेने माणसास तात्पुरती खाज सुटते, पण तो किडा माणसावर वाढत नाही. बोटांच्या बेचक्यांत पुरळ व रात्री वाढणारी खाज ही मुख्य खूण. डॉक्टरांनी दिलेले परमेथ्रिन मलम मानेपासून पायांपर्यंत रात्रभर लावून आठवड्याने पुन्हा लावतात. उपचार घरातील सर्वांनी एकाच रात्री करावा; एक जण राहिला की महिन्याभरात सारे पुन्हा खाजवू लागतात. कपडे व वाकळी कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकाव्यात.

कापूसवेचणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढते. खाजेमुळे न येणारे मूलही तीतच दडून जाते. अशा मुलाची चौकशी घरी जाऊन, एकांतात करावी. वर्गापुढे हात पुढे करावयास लावू नये. पहिला उपचार झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून खरजेचे मूल शाळेत बसू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत त्वचारोग समाविष्ट आहेत. पथक येण्यापूर्वी अशा मुलांची नावे मुख्याध्यापकांनी वेगळ्या कागदावर लिहून ठेवावीत आणि तो कागद वर्गात वाचून दाखवू नये.