पत्रा टाकला तर परवानगी लागत नाही?

प्रश्न : कराडला आमचा एकमजली बंगला आहे. नकाशा मंजूर आहे, भोगवटा प्रमाणपत्रही आहे. मुलाचं लग्न ठरलंय, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत एक खोली काढायची आहे. ठेकेदार म्हणतो, स्लॅब नाही, वर पत्राच आहे, परवानगी कशाला? शेजाऱ्यांनी अशीच खोली काढली, तिला घरपट्टीही लागली. आम्ही काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : ठेकेदार पैसे घेऊन पुढच्या कामाला लागेल, नोटीस मात्र तुमच्या नावानं येईल. वर स्लॅब आहे की पत्रा, यानं फरक पडत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मधली सूट आतल्या दुरुस्तीसाठी आहे : फरशी, प्लॅस्टर, बाहेरचं रूप न बदलणारे फेरफार. नवी खोली त्यात बसत नाही.

खरी अडचण जागेची आहे. घरामागची ती पट्टी बहुधा सामासिक अंतराची, म्हणजे नियमानं मोकळीच सोडायची. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तुमच्या प्लॉटला मागे किती जागा सोडावी लागते, ते आधी आर्किटेक्टकडून तपासून घ्या. चटई क्षेत्र शिल्लक असलं तरी ते या पट्टीत वापरता येत नाही. वर खोली चढवणं जास्त शक्य वाटतं. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरनं पायाची ताकद पाहिलेली हवी.

घरपट्टीनं फसू नका. बांधकाम उभं आहे म्हणून कर लागतो, त्यानं ते अधिकृत ठरत नाही. शेजारी घर विकायला काढतील तेव्हा गिऱ्हाइकाची बँक मंजूर नकाशा मागेल.

अर्ज केल्यावर ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण नकाशा नियमात बसत असेल तरच. लोक ही अट सोयीस्कर विसरतात. परवानगी एक वर्ष टिकते, नंतर मुदतवाढ घ्यावी लागते. जोतं झालं की तपासून घ्या, काम संपल्यावर वाढीव भागाचं भोगवटा प्रमाणपत्रही घ्या.

खोदाई सुरू झाली असेल तर आजच थांबवा. कलम ५३ ची नोटीस आल्यावरही बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, पण सामासिक अंतरातली खोली त्यानं सहसा वाचत नाही.