आधी आपला ताप मोज

मनू, जळगावहून थेट कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तेही अवरक्त दुर्बिणींचं कॅलिब्रेशन शिकायला! तुझ्या धुळ्याच्या मामाचं गल्लीभर सांगून झालं. आता चार गोष्टी ऐकून घे. पटणार नाहीत त्या भरताच्या डब्याखाली ठेव.

१. कुठलंही यंत्र हाती आलं की ते स्वतः किती गरम आहे, ते आधी विचार — मे महिन्यात आपल्याकडची ४५ अंशांची भिंत ९ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त प्रारण सोडते, आणि वेब दुर्बिणीवरचं मिरी उपकरण ५ ते २८ मायक्रॉनमध्येच बघतं. त्याचे डिटेक्टर उणे २६६ अंशांवर ठेवतात ते उगाच नाही. आधी आपला ताप मोज, मग ताऱ्याचा.

२. झाकण लावून अंधाराचं रीडिंग रोज घे, कंटाळा आला तरी — आपला सराफ सोनं ठेवण्याआधी रिकामा काटा शून्यावर दाखवतो, तसंच हे. डिटेक्टरचं शून्य तापमानाबरोबर सरकतं, कालचं आज चालत नाही.

३. ज्याला प्रमाण मानतेस त्यालाही एकदा हटकून बघ — १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने अभिजित ताऱ्याकडे पाहिलं ते कॅलिब्रेशनसाठीच. वर्षानुवर्षं ज्याच्यावरून बाकीच्या ताऱ्यांचं तेज ठरवत आले, तोच तारा लांब तरंगलांबीला हिशेबापेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी निघाला. यंत्र बिघडलं म्हणून कुणी वही मिटली असती तर गंमतच हुकली असती, कारण ताऱ्याभोवती धूळ होती आणि ती तापून चमकत होती. परक्या सूर्याभोवतीच्या धुळीच्या कड्याचा तो पहिला पुरावा. दाखला बघावा, आणि दाखल्यालाही दाखला मागावा.

४. एकाच जातीच्या ताऱ्यांवर भिस्त ठेवू नकोस — वेबसाठी श्वेतबटूंसारखे उष्ण तारे, ‘ए’ वर्गाचे तारे आणि सूर्यासारखे तारे असे तिन्ही वापरतात. एका जातीचं गणित चुकलं तर दुसरी जात चुगली करते.

५. कॅलिब्रेशन ग्रहावर बेतलं असेल तर त्या रात्रीचं त्याचं अंतर आणि आकार आधी काढून ठेव — तुझ्याच संस्थेची एक मीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूनला लटकून ३० किलोमीटरच्या आसपास जायची, आणि गुरूसारख्या ग्रहावरून १५० आणि २१० मायक्रॉनचं माप बसवायची. तिचे बोलोमीटर, म्हणजे उष्णता टिपणारे डिटेक्टर, ०.३ केल्विनवर, आरसा मात्र तसा गरमच! म्हणून दुय्यम आरसा सेकंदाला दहा वेळा हलवून आकाशातल्या दोन जागांमधला फरक तेवढा मोजायचे. ही युक्ती जुन्या माणसांकडून समोर बसून समजून घे, पेपर वाचून निम्मीच कळते.

६. झगझगीत ताऱ्यानंतर लगेच फिकट वस्तू धरू नकोस — डिटेक्टरवर आधीच्या ताऱ्याची छाया रेंगाळते, आणि उत्साही पोरं तिलाच शोध समजून नाचतात.

७. तोच तारा महिन्या-महिन्याने पुन्हा बघ, नवीन काही दिसणार नसलं तरी — मिरीच्या वर्णपटमापीत लांब तरंगलांबीकडे येणारा उजेड घटतोय हे २०२३ मध्ये जाहीर झालं, ते असं पुन्हा पुन्हा मोजल्यामुळेच. दुरुस्तीला वर कोण जाणार? पण घट किती हे माहीत असलं की आकडे सुधारता येतात.

८. तापमान, वेळ, कोणतं फिल्टर, सगळं तिथल्या तिथे लिही, चहाला उठण्याआधी — वही सांगते, आठवण रंगवते.

९. जमिनीवरून निरीक्षण असेल तर शेजारच्या रिकाम्या आकाशाचेही फोटो घेत राहा — अवरक्तात रात्रीचं आकाशही उजळतं, आणि ते मिनिटागणिक बदलतं.

१०. लडाखच्या हान्लेच्या दुर्बिणीवर तुझ्या संस्थेचा टिरस्पेक हा अवरक्त वर्णपटमापी आहे म्हणून आईला आत्तापासून स्वेटर विणायला बसवू नकोस — ती दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्याने चालवतात. तिथे तुला शाल पुरेल, आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ मी पाठवीन.