उष्णोदक कुंडातील अवगाहस्वेद : योग्यायोग्य विचार

पालम, गंगाखेड, लोहा या परिसरातील अनेक कुटुंबे माहूरच्या दर्शनास गेली की उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान करून परततात. जाण्यापूर्वी वैद्याचा सल्ला विचारणारा कधी संधिवाताचा रुग्ण असतो, कधी जुन्या त्वचाविकाराचा, तर कधी पाय बधिर झालेला मधुमेही. तिघांनाही ‘अवश्य जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे एकच उत्तर देणे शास्त्रास धरून होणार नाही. श्रद्धेचा भाग रुग्णाकडे राहू द्यावा. वैद्याने मात्र कुंडस्नानाकडे स्वेदनकर्म म्हणूनच पाहावे, असे आमचे मत आहे.

उष्णोदकाची स्थाने व कारण

उनकेश्वर हे नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या परिसरात आहे. प्रभू रामचंद्रांनी बाण मारून येथे उष्ण जल काढले व शरभंग ऋषींची व्याधी त्या जलाने दूर झाली, अशी आख्यायिका आहे. जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, भिवंडी तालुक्यातील अकलोली व गणेशपुरी, रायगडमधील उन्हेरे, रत्नागिरीतील उन्हवरे, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळील उन्हाळे ही अशीच स्थाने होत. यांतील कित्येक गावांच्या नावातच ‘ऊन’ पाणी आहे.

आपल्याकडील हे झरे जागृत ज्वालामुखीमुळे तापत नाहीत. दख्खनचा लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि भेगांवाटेच वर येते. वाटेत ते निरनिराळे क्षार विरघळवून घेते. त्यामुळे प्रत्येक स्थानाचे तापमान व घटक भिन्न असतात. उन्हवरे येथील पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस इतके तप्त आहे. उनकेश्वरचे त्या मानाने पुष्कळ सौम्य. म्हणून एका कुंडाचा अनुभव दुसऱ्यास लावू नये. तसेच पाण्यात गंधक आहे असे लोक म्हणतात एवढ्यावरून त्यास शोधित गंधकाचे गुण चिकटवू नयेत.

शास्त्रातील स्थान

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्निस्वेदाचे तेरा प्रकार सांगितले, त्यांत अवगाह आहे. सुश्रुताचार्यांच्या ताप, ऊष्म, उपनाह व द्रव या चतुर्विध विभागणीत तो द्रवस्वेदात येतो. कुंडस्नान हा याच अवगाहाचा निसर्गसिद्ध प्रकार आहे. मात्र औषधी क्वाथाची मात्रा व उष्णता वैद्य ठरवितो, कुंडाची ठरवीत नाही. त्यामुळे रुग्णाची निवड व स्नानाचा काळ या दोनच गोष्टी आपल्या हाती उरतात.

योग्य व अयोग्य

संधिवात, कटिशूल, गृध्रसी, स्तंभ, गौरव अशा वातप्रधान व वातकफप्रधान अवस्थांत लाभ अपेक्षित आहे. पित्तप्रकृती, रक्तपित्त, मधुमेह, गर्भिणी, अतिसार, कामला, उदर, मद्यसेवी, दुर्बल व क्षुधित यांना स्वेदन निषिद्ध आहे. दाह, स्राव व लालिमा असलेल्या त्वचाविकारातही कुंडस्नान टाळावे.

मधुमेह्याच्या निषेधामागील एक कारण आज स्पष्ट दिसते. पायांची संवेदना गेली असता पाणी किती तप्त आहे हे कळत नाही. पाय भाजतो आणि व्रण भरता भरत नाही. हृद्रोगी व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना उष्ण पाण्यातून एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते.

कुष्ठाविषयी सावधानता

आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ या संज्ञेत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे येतात. व्यवहारात मात्र कुष्ठरोग म्हणजे महारोग. आख्यायिकेतील शब्द आणि रुग्णाचा व्याधी यांची गल्लत येथेच होते.

जपानमधील कुसात्सु हे गुन्मा प्रांतातील डोंगराळ गाव तीव्र आम्ल व अतितप्त झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कुष्ठरुग्णांची स्वतंत्र वस्ती झाली. १९३२ मध्ये सरकारी कुष्ठालय उभे राहिले. कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवणारा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. इतकी वर्षे स्नान करूनही व्याधी पाण्याने हटला नाही, तो औषधांनी हटला. आज बहुऔषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो व व्याधीच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. बधिर चट्टा घेऊन उनकेश्वरास निघालेल्या रुग्णास आधी तेथे पाठविणे हे आपले कर्तव्य आहे. विलंबाची किंमत तो हातापायांच्या व्यंगाने मोजतो.

विधी

कुसात्सु येथील जुन्या पद्धतीत प्रमुखाच्या आज्ञेनुसार सर्वांनी एकदम उतरावे व तीनच मिनिटांत बाहेर यावे असा दंडक होता. आपल्या रुग्णांसही काळ ठरवून द्यावा.

१. अन्न जिरल्यावर जावे. निवासस्थानीच निर्गुंडी तेलाने वा महानारायण तेलाने अभ्यंग करून अंग पुसून घ्यावे. कुंडात तेल जाऊ देऊ नये.

२. दुसऱ्या व्यक्तीने हाताने पाणी पाहावे, मगच रुग्णाने उतरावे. पहिल्या दिवशी पाच, नंतर दहा मिनिटे पुरेत.

३. शीतशूलाची शांती, अंगास मृदुता व घाम ही सम्यक् लक्षणे दिसताच थांबावे. तृष्णा, दाह वा भोवळ ही अतियोगाची लक्षणे. अशा वेळी शीत, मधुर उपचार करावेत.

४. मस्तक बुडवू नये. शिरावर उष्णोदक केश व नेत्रांचे बल हरते असे वाग्भटाचार्य सांगतात. कोमट नैसर्गिक पाणी नाकात गेल्यास मेंदूस घातक अमीबाचा संसर्ग होऊ शकतो, हे आधुनिक कारणही त्यास जोडावे.

५. हळूहळू उठावे, अंग झाकावे, वारा टाळावा, विश्रांती घ्यावी.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी यात्रेपूर्वी तेल घेण्यास आलेल्या ग्राहकास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : मधुमेह किंवा रक्तदाब आहे काय, आणि नेहमीची औषधे सोबत घेतली आहेत काय?

जपानमध्ये १९४८ च्या उष्णोदक कायद्यानुसार स्नानस्थळी पाण्याचे घटक व स्नानाचे निषेध लिहून लावावे लागतात. आपल्या प्रत्येक कुंडावर असा फलक असावा, यासाठी स्थानिक वैद्यांनी एकत्रितपणे मागणी करावी. तोवर रुग्णास द्यावयाच्या चिठ्ठीवर ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’, स्नानाची मिनिटे व चालू औषधे एवढे तरी लिहून द्यावे. ती चिठ्ठी हाच तूर्त आपला फलक होय.