पत्र्याची भिंत माडी पेलेल का?

प्रश्न : आम्हाला घर बांधायचे आहे. कंत्राटदार म्हणतो, विटांऐवजी जीआय पत्र्याच्या सांगाड्यावर सिमेंट बोर्ड बसवू, वर माडीही चढवू. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा आणि भिंत वाजवली तर पोकळ वाजते. ती माडीचा भार आणि आमच्याकडचे वादळ सोसेल का?
– एक वाचक, राजूर (ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : सोसेल, पण एकट्या पत्र्याच्या जोरावर नाही. घडी, बोर्ड, स्क्रू आणि पाया या चौघांनी मिळून ती भिंत उभी राहते.

आधी घडी. वहीचा कागद उभा राहत नाही, घडी घातली की राहतो. इथेही तेच तत्त्व आहे. पत्रा न तापवता रोलरमधून काढून त्याला इंग्रजी ‘सी’चा आकार देतात आणि कडा पुन्हा आत मुडपतात. ९० मिलिमीटर रुंदीच्या अशा उभ्या चॅनेलमध्ये पोलाद असते सुमारे १९० चौरस मिलिमीटर. नेहमीच्या ३५० मेगापास्कल प्रतीचे पोलाद धरले, तर निव्वळ दाबाने निकामी व्हायला सुमारे पावणेसात टन लागतील. पण तीन मीटर उंचीचा सुटा चॅनेल त्याच्या कितीतरी आधी, टनाभरातच, बाजूला लचकतो. पातळ पोलादात खरा शत्रू हाच. चॅनेल मधोमध पक्का धरला, तर लचकण्याविरुद्धची ताकद गणिताने चौपट होते. प्रत्यक्षात पीळ पडणे आणि पत्र्याला जागोजागी पोक येणे यांमुळे आकडे कमी भरतात. या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी १९३९ पासून केला. आपल्याकडे त्यासाठी आयएस ८०१ हे १९७५ चे मानक आहे.

चॅनेलला मधे धरून ठेवण्याचे काम बोर्ड करतो. भिंत आडव्या जोराने तिरकी होऊ न देण्याचे कामही त्याचेच. म्हणून बोर्ड ही नुसती सजावट नव्हे. चाचण्यांत अशा भिंती बहुधा स्क्रूपाशी हार मानतात : स्क्रू कलतो, डोके बोर्डातून आरपार जाते किंवा बोर्डाची कड फुटते. स्क्रू वाचवणारा कारागीर भिंतीची ताकदच वाचवत असतो! २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच बफेलो विद्यापीठात अशी दुमजली इमारत कंपनमंचावर हलवून पाहिली. बोर्ड आणि आतल्या भिंती बसवल्यावर ती आराखड्यातल्या अंदाजापेक्षा बरीच ताठ निघाली.

आता वजन. ४५ सेंटिमीटर जाडीची दगडी भिंत दर चौरस मीटरला सुमारे एक टन भरते, ही भिंत साधारण ५० किलो. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसे गाडली गेली ती जड दगडमातीच्या भिंतींखाली.

वाऱ्यापुढे मात्र हलकेपणा हीच अडचण. तुमच्याच विदर्भातल्या नागपूरसाठी वाऱ्याच्या भाराच्या मानकातला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला जवळपास १२० किलो, म्हणजे चार बाय तीन मीटरच्या भिंतीवर सुमारे १.४ टन. अवकाळीत टिन उडतात, तसे वारा हे घर उचलू पाहतो. त्यामुळे छतापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून प्लिंथपर्यंत सलग बांधणी हवी. भिंतीच्या टोकांना खास अँकर हवेत. जमीन काळी असेल तर पायाचा खर्च वाचेल असे समजू नका. पावसात फुगणारी काळी माती हलक्या घराला सहज वर ढकलते.

राजूर चुनाभट्ट्यांचे गाव, म्हणून एक खास सूचना. चॅनेलवरचा जस्ताचा थर गंजापासून राखण करतो, पण ओला चुना आणि ओले सिमेंट जस्ताला खातात. सांगाड्याची खालची पट्टी ओल्या गिलाव्यात पुरू नका. तिच्याखाली ओल अडवणारा थर घाला. जस्त दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅमचे मागा.

थोडक्यात, पोकळ आवाजाला घाबरू नका. कंत्राटदाराकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीची आकडेमोड मागा : पत्र्याची जाडी आणि प्रत, चॅनेलमधले अंतर, स्क्रूमधले अंतर, अँकरच्या जागा. आणि घर झाल्यावर खिडकीसाठी किंवा नळासाठी उभा चॅनेल कुणालाही कापू देऊ नका. ही आकडेमोड जो दाखवू शकत नाही, त्याच्याकडून माडी बांधून घेऊ नये.