बँकॉकला निघालीस, तर आत्याचं ऐकून जा

पोरी, दादाला आणि वहिनींना तू ग्रुप टूरने बँकॉकला नेते आहेस हे ऐकल्यापासून चार गोष्टी तुझ्या कानावर घालाव्यात असं मनात आहे. मी दोनदा जाऊन आले. समुद्र, बोट, बाजार हे दिवस कसेही निभावतात. सांभाळायचा दिवस एकच, शहर दाखवतात तो. त्याबद्दलच सांगते.

सुरुवात आपल्या पडघ्यापासूनच होते. विमानतळ साठेक किलोमीटरवर आहे म्हणून गाफील राहू नकोस. गोदामांचे कंटेनर, माणकोलीची कोंडी, पुढे माजिवडा. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आल्यापासून त्याचीही वाहतूक याच रस्त्याला मिळते. विमानाच्या वेळेआधी सात तास घर सोड. तिथे बसून राहावं लागलं तरी चालेल. दगदग झाली की दादाचा पहिला दिवस अंथरुणातच जातो.

तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. टूर लीडर सकाळी सहाला उठवतो तेव्हा शरीराला साडेचारच वाजलेले असतात. आदल्या रात्री सगळे बाजारात निघतील, तू दोघांना झोपव. पहिला थांबा राजवाडा, तो साडेआठला उघडतो आणि दहानंतर तिथे ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. आपल्याकडचा वैशाखातला उकाडा तिथे जवळजवळ बारमाही आहे. मीठ-साखर-लिंबाचं पाणी बाटलीत घालून घे, छत्री घे. आणि प्रत्येकाच्या खिशात मोज्यांचा एक जोड असू दे. देवळात चपला काढाव्या लागतात आणि बाहेरची फरशी तव्यासारखी तापते. पहिल्या खेपेला माझे तळवे असे पोळले की पुढचे दोन दिवस मी बसमधून उतरले नाही.

कपड्यांचा नियम कडक आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दादाला ती थ्री-फोर्थ घालू देऊ नकोस, पूर्ण पँटच. वहिनींना पंजाबी ड्रेस सोयीचा, साडी नेसल्या तर ब्लाउज बाह्यांचा.

बसमधून उतरताना बसचा रंग आणि नंबरचे आकडे फोनमध्ये टिपून घे. तिथे एकसारख्या पन्नास बस उभ्या असतात. हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड तिघांच्याही खिशात वेगवेगळं ठेव, पैसेही तिघांत वाटून ठेव. राजवाड्याच्या बाहेर एखादा नीटनेटका माणूस अदबीने सांगेल की आज राजवाडा बंद आहे, मी स्वस्तात रिक्षाने दुसरं देऊळ दाखवतो. थांबायचं नाही, बोलायचं नाही, सरळ फाटकाकडे चालायचं. ती रिक्षा हिऱ्या-माणकांच्या दुकानात जाऊन थांबते.

आता नीट ऐक, कारण माझं खरं सांगणं इथून पुढे आहे. राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर उंच, उंच चौथऱ्यावर. ऋतू बदलला की वर्षातून तीनदा तिची वस्त्रं बदलतात आणि तो मान राजाचा. आत फोटो नाही. बसायचं तर पाय मागे मुडपून, पावलं मूर्तीकडे करायची नाहीत. इथवर सगळा ग्रुप येतो, हात जोडतो आणि फोटोसाठी बाहेर पळतो. तू पळू नकोस. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतीकडे वळ. त्या भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रांत. ते लोक त्याला रामाकियेन म्हणतात. उत्तरेच्या दाराजवळून ते सुरू होतं. सगळं बघायला दिवस पुरणार नाही. गाइडला एवढंच सांग, मैयराबची गोष्ट दाखवा.

मैयराब म्हणजे आपला महिरावण. लहानपणी ओटीवर आजी अही-महीची गोष्ट सांगायची, रामाला पाताळात पळवून नेतात ती, दादाला आठवत असेल. तीच तिथे सोनेरी रंगात आहे. रामाला कोणी नेऊ नये म्हणून हनुमान इतका मोठा झालाय की रामाचा निवारा त्याने तोंडातच धरलाय. हनुमान पांढराशुभ्र. पुढे पाताळाच्या वाटेवर त्याला माशाचं शेपूट असलेलं वानराचं पोर अडवतं. आपण त्याला मकरध्वज म्हणतो, ते मच्छाणू म्हणतात. आपल्याकडे तो मारुतीच्या घामाच्या थेंबातून झाला, मारुती ब्रह्मचारी. त्यांच्याकडे मारुतीचं दशकंठाच्या मुलीशी, एका मत्स्यकन्येशी, सूत जुळतं आणि हा त्यांचा मुलगा. दादा इथे वाद घालेल. त्याला सांग, गोष्ट आपल्याकडून तिकडे गेली आणि त्यांनी ती आपलीशी केली. त्यांच्या राजांचं नावही राम. पहिल्या रामाने 1782 मध्ये हे शहर राजधानी केलं, त्यांची जुनी राजधानी अयुत्थया, म्हणजे अयोध्या. त्या भिंतीपुढे मी वीस मिनिटं उभी होते आणि दोन्ही सहलींतली तीच वीस मिनिटं मला आजही जशीच्या तशी दिसतात. टूर लीडरला आधी सांगून ठेव की आम्ही अमुक दारापाशी अमुक वाजता येतो. आधी सांगितलं तर नाही म्हणत नाहीत. न सांगता थांबलीस तर चाळीस माणसं उन्हात ताटकळतात, आणि ते पाप आपल्या माथी नको.

पुढे वाट फो देवळातला निजलेला बुद्ध 46 मीटर लांब. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या नक्षीत 108 शुभचिन्हं आहेत, ती बघायला विसरू नकोस. मागच्या बाजूला 108 कांस्याची भांडी ओळीने मांडलीत, त्यांत एकेक नाणं टाकत जायचं. वहिनींच्या हातून टाकून घे. नदीपलीकडचं वाट अरुण, आपल्या अरुणाच्याच नावाचं, होडीतून बघावं. त्याच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत, दादाने खालीच बसावं.

भिक्षू समोर आले तर वहिनींनी त्यांना स्पर्श करायचा नाही. लहान पोरांच्या डोक्यावर मायेनेसुद्धा हात ठेवायचा नाही. नोट खाली पडली तर पायाने दाबायची नाही, तिच्यावर राजाचं चित्र असतं.

खाण्याचं म्हणशील तर दुपारी बहुतेक टूर भारतीय हॉटेलातच नेतात. पण वहिनींचा गुरुवार असेल तर बाहेरची साधी भाजीसुद्धा विचारून घे. तिथे नाम प्ला नावाचं माशांचं खारवलेलं पाणी सगळ्यात घालतात, वास थेट आपल्या सुकटीचा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की ते 'जे', म्हणजे शाकाहारी. दशम्या आणि तिळाची चटणी मात्र घरून ने.

दुपारनंतर बस रत्नांच्या मोठ्या दुकानाशी थांबेल. सरबत देतील, खुर्ची देतील, गोड बोलतील. सरबत प्या, गार हवेत पाय पसरा, काही घेऊ नका. पहिल्या खेपेला मी नीलमची अंगठी घेतली. कल्याणच्या सराफाने भिंगातून पाहिलं आणि निम्म्याहून कमी किंमत सांगितली. परत करायला कोण जाणार होतं? ते पैसे माझ्या पेन्शनचे होते. कळकळीने सांगते, दादाला तिथे पाकीट काढू देऊ नकोस.

परतताना विमानतळावर समुद्रमंथनाचा मोठा देखावा आहे, देव-दानव वासुकीला ओढताहेत. इमिग्रेशन झाल्यावर लगेच दिसतो. विमानतळाचं नावच सुवर्णभूमी.

आणि एक काम निघायच्या आधीचं. येत्या रविवारी दादाला घेऊन लोनाडला जाऊन ये. तिथली खांडेश्वरी देवीची लेणी मुळात बौद्धांची. बुद्धाची पहिली ओळख त्याला इथे आपल्या मातीतच होऊ दे, आणि लेण्यांपर्यंतची चढण चढताना त्याचा गुडघा किती साथ देतो तेही कळेल. दुखला तर मला फोन कर, गुडघ्याचा पट्टा माझ्याकडे आहे, घेऊन जा.