इंजिनाची नाडी
(मोटारसायकलचे आयडलिंग अस्थिर का होते?)

मोटारसायकल उभी असताना, मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन जे मंद, एकसारखे चालत राहते, त्यास आयडलिंग म्हणतात. आपले मेकॅनिक त्याला नुसते 'स्लो' म्हणतात. वैद्य जसा नाडीवरून प्रकृतीचा अंदाज घेतो, तसा या मंद गतीवरून इंजिनाच्या प्रकृतीचा अंदाज येतो. ती खालीवर होऊ लागली, गाडी मधूनच बंद पडू लागली किंवा मूठ सोडूनही इंजिन रेसवरच राहिले, तर कोठेतरी बिघाड आहे असे समजावे.

ही गोष्ट किरकोळ नव्हे. केरीच्या धक्क्यावर तेरेखोलची फेरीबोट लागते. उतारावरून फळीवर गाडी घेताना मूठ जवळजवळ मिटलेली असते आणि नेमके तेव्हाच इंजिन बंद पडले, तर पाय घसरून गाडी, माल व मागे बसलेले माणूस यांपैकी काहीही पाण्यात जाऊ शकते. पालये-हरमलच्या अरुंद वळणांवरही तीच भीती. शिवाय गोव्यात पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल चालवून पोट भरणारे 'पायलट' आहेत. त्यांची गाडी दिवसभर थांबते आणि निघते. त्यांच्या दृष्टीने बिघडलेले स्लो म्हणजे वाया गेलेले पेट्रोल व हातचे गेलेले भाडे होय.

प्रथम यंत्राची रचना पाहू. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्बोरेटरमध्ये मूठ मिटली की हवेचा मुख्य मार्ग जवळजवळ बंद होतो. त्या वेळी इंजिनास पेट्रोल पुरवते ती एक बारीक छिद्राची पितळी नळी. तिचे नाव पायलट जेट. तिच्या जोडीला दोन स्क्रू असतात. एक हवा व पेट्रोल यांचे प्रमाण ठरवतो, तो मिश्रणाचा स्क्रू. दुसरा मूठ मिटल्यावरही झडप किंचित उघडी ठेवतो, तो गतीचा स्क्रू. मूठ मिटलेली असताना आत येणारी हवा इतकी थोडी असते, की बाहेरून शिरलेली जराशी जादा हवा किंवा जेटमधील कणभर कचराही प्रमाण बिघडवण्यास पुरेसा होतो.

आता मुख्य मुद्दा. स्लो बिघडले की बहुतेक जण पाना-पेचकस घेऊन प्रथम हे स्क्रूच फिरवतात. हा प्रकार 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' अशातला होय. स्क्रू आपोआप क्वचितच फिरतो. बिघाड बहुधा दुसरीकडे असतो. म्हणून तपासणी पुढील क्रमाने करावी, आणि एका वेळी एकच बदल करावा.

१. इंजिन चांगले गरम होऊ द्यावे. थंड इंजिनास जादा पेट्रोल लागते, त्यामुळे त्याचे स्लो पाहून निष्कर्ष काढू नये. चोक पूर्ण बंद झाला आहे ना, हे पाहावे.

२. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवावे. तेवढ्याने गती वाढली, तर एक्सिलेटरची वायर ताणलेली किंवा अडकलेली आहे.

३. टाकीचे झाकण उघडून पाहावे. उघडताच गाडी सुधारली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. टाकीच्या तळाशी पाणी किंवा गंज नाही ना, याचीही खात्री करावी.

४. प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जादा. अशा वेळी एअर फिल्टर चोंदला आहे का ते पाहावे. पांढुरके टोक म्हणजे हवा जादा. काळे व तेलकट टोक म्हणजे तेल आत येत आहे.

५. विजेचे सांधे तपासावेत. आपल्याकडील खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवा कळंक चढतो व ठिणगी दुबळी होते. गती मधूनच एकाएकी तुटत असेल, तर संशय विजेवर घ्यावा. जुन्या बुलेटमध्ये पॉइंटही साफ करावेत.

६. कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबर फुटले असेल, तर तेथून हवा शिरते. मूठ सोडल्यावर गती लवकर खाली न येणे, हे याचे लक्षण. सांध्यावर थोडे साबणाचे पाणी टाकावे. गती क्षणभर बदलली, तर गळती तेथेच. पेट्रोल टाकून ही परीक्षा कधीही करू नये, आग लागते. राजदूत, येझदी यांसारख्या जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांत क्रँकचे ऑइल सील झिजूनही हवा आत येते.

७. यानंतर पायलट जेट काढून स्वच्छ करावे. तार घालू नये. छिद्र मोठे होते. द्रवाने धुऊन हवेने फुंकावे. टॅपेट फार घट्ट असल्यास झडप पूर्ण बसत नाही, म्हणून तेही थंड इंजिनावर तपासावे.

एवढे झाल्यावरच स्क्रूस हात लावावा. मिश्रणाचा स्क्रू हलकेच पूर्ण बंद करावा, मग साधारण दीड ते दोन फेरे उघडावा. गरम इंजिनावर त्यास थोडथोडे फिरवून गती जेथे सर्वांत जास्त व एकसारखी होते, तेथे थांबावे. नंतर गतीच्या स्क्रूने गती पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आणावी. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूस असेल तर बाहेर काढल्याने हवा वाढते, इंजिनाच्या बाजूस असेल तर पेट्रोल वाढते, हा भेद ध्यानी ठेवावा. आंबोलीसारखा सुमारे ७०० मीटरचा घाट चढल्यावर विरळ हवेमुळे स्लो थोडे उतरले, तर तो बिघाड मानू नये.

१ एप्रिल २०२० पासून भारत-सहा नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा बहुतांशी इंजेक्शनने घेतली. तेथे प्रमाण संगणक ठरवतो. अशा गाडीत इंजिनाचा दिवा, बॅटरी, सांधे व काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी पाहावी. पुढील काम यंत्र असलेल्या कारागिराकडे द्यावे. आणखी एक गोष्ट : २०२५ सालापर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. इथेनॉल हवेतील ओल शोषते. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे.

ही सर्व तपासणी उघड्या जागी करावी. बंद खोलीतील धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास वास नाही, आणि तो जीव घेतो.

घरातील मुलांना हा क्रम एका वहीत उतरवून घेण्यास सांगावे. कोणत्या दिवशी काय बदलले आणि त्याने काय झाले, याचीही नोंद करावी. पुढच्या वेळी गाडी बिघडेल तेव्हा ती वहीच निम्मे निदान करून ठेवील.