थर्मल कॅमेरा हाती घेण्याआधी

मुरबाड एमआयडीसीतले कारखाने, आसनगाव-आटगावच्या शेड, शहापूर-मुरबाडच्या भातगिरण्या. इथली वीजपॅनेलं थर्मल कॅमेऱ्यानं तपासणं हे माझं काम. या कामात नव्यानं येणाऱ्या मुलांना सांगावंसं वाटतं ते असं:

१. हा कॅमेरा भिंतीआडचं दाखवत नाही. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकते, ते पृष्ठभागावरून येतात आणि तेवढेच तो टिपतो. हे किरण पहिल्यांदा सापडले ते असे: १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, लाल रंगाच्याही पलीकडे तापमापक ठेवला. डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं, तरी पारा चढला. आपली नजर साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांपर्यंत पोचते. आपल्या कामाचे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतात. माणसाचं अंग, भिंत, तापलेली केबल यांच्या किरणांचा जोर तिथंच असतो.

२. चकचकीत धातूवर विसंबू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आगीचा धोका नेमका इथं लपतो. लखलखीत तांबं त्याच तापमानाच्या काळ्या टेपच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतके किरण टाकतं. पडद्यावर दिसतं ते बहुतेक आजूबाजूचं प्रतिबिंब. ७० अंशांवर गेलेला बसबार (पॅनेलमधली धातूची पट्टी) त्यामुळे थंड भासतो. वीज बंद असताना जोडाजवळ काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि भार चढल्यावर तिचं तापमान वाचा.

३. काचेतून मोजू नका. हे किरण काचेतून पार होत नाहीत, म्हणून तर कॅमेऱ्याचं भिंग जर्मेनियमचं असतं.

४. गिरणी चालू हवी. जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते: प्रवाह निम्मा, तर उष्णता पाव. दिवाळीनंतर भात झोडून झालं की गिरण्यांवर भार चढतो. तपासणीचा खरा हंगाम तोच. तिन्ही फेज एकाच चौकटीत घ्या. भार सारखा असून एकच लग (केबलच्या टोकाचा जोड) तापत असेल तर जोड ढिला आहे किंवा गंजला आहे. आपला पावसाळा दमट, आणि तांब्याची केबल थेट ॲल्युमिनियमवर आवळलेली असली की गंज लवकर धरतो. तिथं बायमेटॅलिक लग लावा.

५. पडद्यावरचे रंग कॅमेरा स्वतः भरतो. लाल म्हणजे धोका नव्हे, आकडा वाचा.

६. उघड्यावरची लाइन सूर्यास्तानंतर काही वेळानं तपासा. उन्हात सगळंच तापतं: मे महिन्याच्या दुपारी कातळही जनावराच्या अंगाएवढा किंवा त्याहून जास्त तापतो. माळशेज घाट ओलांडला की जुन्नर. तिथं बिबटे शोधायला थर्मल ड्रोन वापरतात, त्यांनाही रात्र किंवा पहाटच सोयीची. दाट पानांमागचं मात्र तेव्हाही दिसत नाही.

गिरणीमालकांना विनंती एकच: हंगाम सुरू होताच पॅनेल तपासून घ्या, आणि तापलेला जोड वीज बंद करूनच आवळा.